सव्वादोन वर्षांच्या मुलीला घेऊन सगळ्यांनी मिळून कुठे जावं?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या मांजलपूर भागात राहणाऱ्या एका ताईंची मुलगी सव्वादोन वर्षांची आहे आणि मुलगा पाचाला टेकलेला. नवरात्रात पुण्याहून दीर-जाऊ आणि त्यांची दोन मोठी मुलं येणार आहेत. घरात सासू-सासरे आहेत. सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं ठरतंय. यादीत मल्टिप्लेक्समधला कार्टून सिनेमा, मोठ्या मैदानावरचा गरबा, मॉलमधला प्ले झोन, एक बालनाट्य आणि कमाटीबाग आहे. मागच्या खेपेला सिनेमात मुलगी इतकी रडली की मध्यंतरापर्यंतचा सगळा वेळ ताईंनी तिला घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर काढला. त्या विचारतात, घरी हीच मुलगी फोनवरची गाणी लावल्याशिवाय जेवत नाही, मग थिएटरात तिला झालं काय? आणि तिच्यासाठी काय योग्य, काय नाही, हे आधी ओळखायचं कसं?

ताई, मी बडोद्यात बालवाडी चालवते. दोन-तीन वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगणं, हातातल्या बाहुल्या बोलत्या करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे मुलं कशात रमतात आणि कुठे बिथरतात हे फार जवळून बघायला मिळतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यातच पहिल्याचंही उत्तर आहे.

कुठलाही कार्यक्रम निवडताना मी एकच गोष्ट बघते: मुलाला तो थांबवता येतो का? थांबवणं म्हणजे तोंड फिरवणं, आईच्या कुशीत शिरणं, उठून लांब जाणं, थोड्या वेळाने परत येऊन दुरून बघणं, आवडलं तर 'पुन्हा' म्हणणं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला नवीन गोष्ट तुकड्यातुकड्याने घ्यावी लागते. थोडं बघायचं, नजर काढून घ्यायची, सावरायचं, परत बघायचं. ही सोय ज्या कार्यक्रमात आहे तो बहुतेक वेळा चालतो, मग तो मुद्दाम लहान मुलांसाठी केलेला नसला तरी. ही सोय नसेल तर 'खास छोट्यांसाठी' असं जाहिरातीत लिहिलेला कार्यक्रमसुद्धा त्रासाचा होतो.

आता फोन आणि थिएटर यांतला फरक बघा. फोन हातभर लांब, आईच्या हातात, घरातल्या उजेडात. गाणं शंभरदा ऐकलेलं, पुढे काय येणार ते पाठ. नको झालं तर मुलगी मान वळवते. थिएटरात मात्र अंधार, पडदा भिंतीएवढा, आवाज चारी बाजूंनी, आणि पुढच्या क्षणी काय येणार याचा पत्ता नाही. डोळे मिटले तरी आवाज थांबत नाही. तिच्याकडे उरलेला एकच उपाय म्हणजे रडणं, आणि तो तिने केला. तुमची मुलगी भित्री नाही आणि हट्टीही नाही. तिने अगदी योग्य वेळी, अगदी स्पष्ट सांगितलं.

सिनेमाबद्दल आणखी थोडं. 'यू' प्रमाणपत्र बघून आपण निर्धास्त होतो. पण त्या प्रमाणपत्राचा अर्थ कुणालाही बंदी नाही इतकाच आहे. चित्रपट दोन वर्षांच्या मुलासाठी केला आहे असा तो दाखला नव्हे. २०२४ च्या नव्या नियमांपासून 'यूए' (म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या) प्रमाणपत्राचे तीन भाग झाले आहेत: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. घरबसल्या बघायच्या मालिका-चित्रपटांवरही अशीच वयाची खूण असते. पालकांसाठी ही चांगली सोय आहे, जरूर वापरा. पण सात वर्षांच्या खाली सगळी मुलं एकाच रांगेत धरली आहेत, आणि दोन वर्षांचं मूल व सहा वर्षांचं मूल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. कार्टून असलं तरी त्यात पिल्लाची आई हरवते, कुणीतरी पाठलाग करतं, वीज कडाडते. पाच वर्षांचा मुलगा शेवटी सगळं नीट होणार या भरवशावर तग धरतो. सव्वादोन वर्षांच्या मुलीला 'शेवट' ही कल्पनाच अजून नीट आलेली नाही. पडद्यावरची आई आत्ता हरवली आहे, एवढंच तिला कळतं.

म्हणूनच 'अगं, ते खरं नाहीये' हे आपलं वाक्य या वयात लागू पडत नाही. दिसतं ते खरं, असंच तिचं जग आहे. मुखवटा घातलेला काका तिच्यासाठी मुखवटा घातलेला काका नसतो, तो काका नाहीसा होऊन तिथे दुसरंच कुणी आलेलं असतं. मॉलमध्ये अस्वलाचा किंवा सशाचा पोशाख घालून माणसं उभी असतात, त्यांच्याजवळ फोटोसाठी रडतं मूल पुढे ढकललेलं मी बघते तेव्हा पोटात तुटतं. दोन ते चार या वयात मोठ्या आकाराची, विचित्र तोंडाची, अचानक हलणारी वस्तू भीती घालते आणि ते पूर्णपणे नैसर्गिक आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगितलेलं उपयोगी पडू लागतं. त्याहून लहान मुलाला समजावण्यापेक्षा कडेवर घेणं, उजेडात नेणं, अंतर वाढवणं आणि हातात ओळखीची वस्तू देणं यानेच बरं वाटतं. पोलो ग्राउंडवरचं रावणदहन बघायचंच असेल तर लांबून, बाबांच्या कडेवरून. तिने मान खांद्यात खुपसली की 'बघ, बघ' न म्हणता मागे फिरायचं.

आवाजाचं मी सगळ्यांत जास्त सांगते, कारण आपल्याकडे त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. बडोद्याला आवाजाची इतकी सवय आहे, गणपतीपासून नवरात्रापर्यंत, की मूल कान झाकून घेतं तेव्हा घरातली माणसं हसतात. लहान मुलाची कानाची नळी आखूड आणि अरुंद असते. तोच आवाज त्याच्या कानाच्या पडद्यावर मोठ्या माणसापेक्षा जास्त जोराने आदळतो. आणि जोरात आवाजाने कानाचं झालेलं नुकसान भरून येत नाही. यंत्राशिवाय ओळखायची खूण सोपी आहे: हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला तुम्हाला आवाज चढवावा लागत असेल, तर तो आवाज साधारण ८५ डेसिबलच्या आसपास गेला आहे. तिथे लहान मुलाला घेऊन थांबायचं नाही. उघड्या मैदानावर भोंग्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणून मांडवात पुढची जागा मिळाली याचा आनंद न मानता मागे जा. कानावरून बसणारी मुलांच्या मापाची आवाजरोधक मिळतात, ती चांगली. कापसाचा बोळा फारसा उपयोगाचा नाही, आणि कानात घालायची छोटी बुचं या वयात नकोच, ती तोंडात जातात.

आता गरबा. नवरात्र आणि बडोदा यांची जोडी मला सांगायला नको. मोठ्या मैदानांवर हजारो माणसं गोलात फिरतात तो देखावा मुलांनी बघावा असं मलाही वाटतं, पण दोन वर्षांच्या मुलीने नव्हे. तिथे खरा रंग चढतो तो रात्री. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हवेत, पण सणासुदीला वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्य सरकार देऊ शकतं. त्यामुळे नवरात्रात बारा वाजणं ठरलेलं. तुमच्या मुलीच्या वयाला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते. दोन रात्री जागरण झालं की तिसऱ्या दिवशी ती जेवणार नाही, चिडेल, आणि घरातले म्हणतील की पाहुणे आले की ही अशीच करते. शिवाय दांडिया खेळणाऱ्यांच्या हातातली टिपरी खाली येते ती नेमकी या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि दोन वर्षांच्या मुलीला आरशांची, जरीची, टोचणारी चणिया-चोळी घालून तासन् तास ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. फोटो काढा आणि सुती फ्रॉक घाला.

त्यापेक्षा सोसायटीतला किंवा पोळेतला, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतला, गरबा बघा. संध्याकाळी आरती होते, मग लहान मुलांचा आणि बायकांचा गरबा सुरू होतो. शेजारपाजारची माणसं ओळखीची असतात, घर दोन पावलांवर असतं. मुलगी अर्धा तास टाळ्या वाजवेल, गोलाच्या बाहेरून धावेल, कंटाळेल, घरी जाऊन झोपेल. मोठ्या पुतण्यांना नंतर काकांबरोबर मैदानावर जाऊ दे.

आणि ताई, तुमच्या यादीत एक गोष्ट नाही याचं मला आश्चर्य वाटलं: भोंडला. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांमधून भोंडला, कुणाकडे हादगा, अजून होतो. आपल्या घराच्या गच्चीवर तुम्ही तो करू शकता. मला विचाराल तर अडीच वर्षांच्या मुलासाठी आपल्याकडे याहून चांगला कार्यक्रम नाही, आणि मी हे केवळ जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. नीट बघा. मध्ये पाट, पाटावर हत्ती काढलेला, म्हणजे बघायची वस्तू एकच, ती जागेवरून हलत नाही आणि मुलाच्या उंचीवर आहे. वेळ दिवेलागणीच्या आधीची. गाणी माणसांच्या तोंडची, भोंगा नाही. गाण्यात तीच ओळ थोड्या फरकाने परत परत येते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मूल शेवटचा शब्द आपणहून म्हणतं. पाय हळू पडतात. एका बाजूला आईचा हात, दुसऱ्या बाजूला आजीचा, आणि नको झालं तर हात सोडून पाटाजवळ बसता येतं, हत्तीच्या पाठीवर फूल ठेवता येतं. गोल कुणासाठी थांबत नाही आणि कुणाला अडकवूनही ठेवत नाही. शेवटी खिरापत ओळखायची. डबा वाजवून दाखवायचा, 'गोड की तिखट?' विचारायचं. पाच वर्षांच्या मुलाला हा अंदाजाचा खेळ प्रचंड आवडतो आणि दोन वर्षांची मुलगी डबा उघडण्याची वाट बघते. सासूबाईंना गाणी येत असतील, जाऊबाईंना काही वेगळी येत असतील. तिथे पुण्याची मोठी मुलंही प्रेक्षक राहत नाहीत. आणि हे सगळं तासाभरात संपतं. मुलग्यांनाही घ्या, अगदी आजोबांनाही गोलात घ्या.

बालनाट्याचं काय करायचं? गांधी नगरगृह किंवा अकोट्याचं सयाजी नगरगृह, दोन्ही मोठी नाट्यगृहं. तिथे होणारं बालनाट्य सहसा सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना समोर ठेवून बसवलेलं असतं. चेटकीण असते, काळोख होतो, माइकवरून गडगडाट येतो. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जा, दाराजवळची खुर्ची घ्या, गोष्ट आदल्या दिवशी सांगून ठेवा. गोष्ट आधी कळली तर मजा जाते हा मोठ्यांचा समज आहे. लहान मुलांची मजा नेमकी उलटी असते: पुढे काय येणार हे आपल्याला माहीत आहे, याचाच त्यांना आनंद होतो.

छोट्यांसाठी बाहुल्यांचा किंवा गोष्टींचा कार्यक्रम मिळाला तर आयोजकांना फोन करून विचारा. किती वेळाचा आहे? अर्ध्या तासाच्या आसपास असेल तर उत्तम, पाऊण तासाच्या पुढे नको. दिवे पूर्ण बंद होतात का? मुलं खाली सतरंजीवर बसतात की खुर्च्यांवर? मधेच बाहेर नेऊन परत आणता येतं का? बाहुल्या नंतर हात लावून बघता येतात का? जो माणूस ही उत्तरं न अडखळता देतो, त्याने लहान मुलांसमोर काम केलेलं असतं. 'सगळ्या वयाच्या मुलांना आवडतो' असं गुळमुळीत उत्तर आलं तर थोरल्यांनाच पाठवा.

आमच्या बालवाडीत बाहुली पडद्यामागून एकदम बाहेर येत नाही. मी मुलांसमोर बसते, पिशवीतून कापडाचा तुकडा काढते, तो हातावर चढवते, बोटं हलवून दाखवते. मुलं बघतात की हा बाईंचा हात आहे. मग बाहुली बोलायला लागते, आणि गंमत अशी की हात दिसत असूनही मुलं माझ्याकडे न बघता बाहुलीशीच बोलतात. आधी हलक्या आवाजात, मग थोडं मोठ्याने. एखादं मूल मागे सरकलं तर बाहुली त्याच्याकडे जात नाही, पाठ करून बसते. बहुतेक वेळा तेच मूल मग तिला बोट लावायला येतं. हे तुम्ही घरीही करू शकता. जुना मोजा, दोन बटणांऐवजी दोऱ्याने शिवलेले डोळे (बटणं सुटून तोंडात जातात), आणि तुमचा हात.

आपल्या गुजरातेतच या कामाची मोठी परंपरा आहे. भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर १९२० साली सुरू झालं. तिथे गिजुभाई बधेका आणि पुढे त्यांच्याबरोबर आपल्या ताराबाई मोडक यांनी गोष्ट, गाणं आणि नाटक हे अभ्यासानंतरचं बक्षीस न मानता शिक्षणाच्या मध्यभागी आणलं. एक गुजराती शिक्षक आणि एक मराठी बाई यांनी मिळून केलेलं हे काम आहे, आणि बडोद्यासारख्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या गावात त्याची आठवण ठेवली पाहिजे. तुमच्या मुलीला आजी मराठीत गोष्ट सांगत असेल आणि शेजारच्या बेन गुजरातीत, तर तिच्यासारखं भाग्य नाही.

कमाटीबाग यादीत शेवटी लिहिलीत, मी ती पहिली ठेवली असती. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग केली. इतकी मोठी जुनी झाडं शहराच्या मध्यात आजच्या मुलांना मिळतात ही त्यांची कृपा. पण तिथे गेल्यावर आपण एक घाई करतो. प्राणी दाखवायचे, फुलांचं घड्याळ दाखवायचं, संग्रहालय दाखवायचं, सगळं एका फेरीत. मुलीला वाघ दाखवायला उचलावं तर ती पिंजऱ्याबाहेरच्या खारीकडे बघते, आणि आपण तिची हनुवटी धरून वाघाकडे वळवतो. असं करू नका. वाघ लांब, निजलेला, जाळीमागे. खार जवळ, तिच्या मापाची, पळणारी, आणि तिच्या मागे दोन पावलं जाता येतं. तिला जे दिसलं तेच तिचं प्राणिसंग्रहालय. वाळकी पानं, वडाच्या पारंब्या, बाकाखालच्या मुंग्या यांत तासभर जातो.

संग्रहालयाची इमारत १८९४ ची. आत निळ्या देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे. पाच वर्षांच्या मुलाला तो दाखवाच. त्याच्या शेजारी उभं राहून 'तू किती, तो किती' हे पावलांनी मोजून बघा. एवढंच करून बाहेर या. इजिप्तची ममीही तिथे आहे, पण ती या खेपेला मोठ्या पुतण्यांसाठी ठेवा. एका भेटीत एकच वस्तू, बाकीच्यासाठी परत यायचं. गावातच राहतो आपण. धाकटीला त्या वेळेत आजीबरोबर बाहेर हिरवळीवर राहू द्या. उन्हाळ्यात बागेतलं फिरणं सकाळी नऊच्या आत आटपावं. नवरात्रात दुपारचं ऊनही कमी नसतं, टोपी आणि पाणी जवळ ठेवा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. सगळ्यांनी एकत्र जाणं म्हणजे सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच वेळी बघणं नव्हे. दोन वर्षांची, पाच वर्षांचा, बारा-चौदाची मुलं आणि सत्तरीचे आजोबा यांना एका खुर्चीच्या रांगेत अडीच तास बसवलं की कुणीतरी एक जण मन मारून बसतो, आणि बहुधा ती आई असते. एकत्र निघा, एकत्र खा, मधला वेळ वाटून घ्या. प्रत्येक लहान मुलामागे एक मोकळं मोठं माणूस आधी ठरवा. ते माणूस प्रत्येक वेळी तुम्हीच असता कामा नये. मागच्या वेळी पायऱ्यांवर तुम्ही बसलात, या वेळी बाबा बसतील.

मॉलमधले प्ले झोन आणि करमणुकीची उद्यानं यांबद्दल मी कडक आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी, कठडा घातलेली जागा असेल तरच आत जा, नाहीतर दहा वर्षांची मुलं उड्या मारताना धाकट्यांवर पडतात. आत जाण्यापूर्वी बाहेर पडायचा दुसरा दरवाजा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तो उघडा आहे का तेही. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ ला लागलेल्या आगीत किती घरं उजाड झाली ते आपण विसरलेलो नाही. आणि आपल्या गावातच, त्याच वर्षी जानेवारीत हरणीच्या तलावात बोट उलटून सहलीला आलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत किती जण बसवले आहेत आणि मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे की नाही हे विचारायला लाजू नका. मापाचं नसेल तर बोट नाही, कितीही आग्रह झाला तरी. पाण्याच्या उथळ टाकीतही मुलगी हाताच्या अंतरावर हवी. वीतभर पाण्यातसुद्धा मूल बुडतं आणि बुडताना आवाज होत नाही. पाळण्यांवर उंचीची पट्टी असते ती मोडू नका. 'मांडीवर घेते ना' म्हणून परवानगी मागू नका.

जत्रेत आणि गरब्याच्या मैदानाबाहेर तीन वस्तू विकायला असतात, त्या मी या वयाच्या मुलांच्या हातात देत नाही. रबरी फुगा, कारण फुटल्यावर त्याचा तुकडा तोंडात गेला तर श्वासनलिकेवर घट्ट बसतो. लुकलुकणारी खेळणी, कारण त्यांत बटणाएवढी चपटी बॅटरी असते. गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर इजा होते. तसा संशय जरी आला तरी उलटी करवत न बसता थेट रुग्णालय गाठा. आणि तिसरं पॉपकॉर्न, शेंगदाणे, फुटाणे. चार वर्षांच्या आत नकोत, ठसक्याने श्वास अडकतो. धावताना खाणं तर कधीच नको. घरून केळं, पोळीचा लाडू, मऊ भात न्या. सेव-उसळ मोठ्यांनी खावी.

फोनचा प्रश्न तुम्ही ओघात विचारलात, म्हणून ओघातच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि नंतर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही जवळजवळ सारखंच सांगितलं आहे: दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर बरं. लांबच्या नातेवाइकांशी समोरासमोर दिसत बोलणं चालतं. एवढ्या लहान वयात मुलं पडद्यावरून शिकतात ते समोरच्या माणसाकडून शिकण्यापेक्षा बरंच कमी असतं. जेवताना फोन हळूहळू सोडवा. त्या वेळी तीच गाणी तुम्ही म्हणा, सूर महत्त्वाचा नाही. पाहुणे आले की पाच-सहा जणांच्या पंगतीत तिला बसवा. माणसांची वर्दळ असते तेव्हा ही सवय सुटायला सोपी जाते.

सासूबाई म्हणतील, आम्ही लेकरांना घेऊन रात्रीच्या कीर्तनाला जायचो, काही झालं नाही. त्यांचं खरं आहे. पण तिथे मूल मांडीवर झोपू शकत होतं. बुवांचा आवाज देवळापुरता होता, दिवे मंद होते, आणि कुणी त्याला 'बघ' म्हणत नव्हतं. आजही असं कीर्तन कुठे असेल तर मुलीला खुशाल न्या.

मुलीला पुरे झालं हे ओळखायच्या खुणा लक्षात ठेवा. कान झाकणं, डोळे चोळणं, कडेवर घे म्हणणं या सगळ्यांना कळतात. दोन खुणा मात्र फसव्या असतात. एक, मूल एकाएकी सुसाट धावायला, खिदळायला लागतं आणि थांबत नाही. आपल्याला वाटतं मजा येतेय, पण ते थकलेलं असतं. दुसरी, मूल अगदी गप्प आणि ताठ होतं, डोळे मोठे करून टक लावून बघतं. आपण म्हणतो, 'बघा कशी रमली आहे!' तिचा हात हातात घेऊन बघा. बोटं घट्ट वळलेली किंवा गार असतील तर ती रमलेली नाही, घाबरलेली आहे. लगेच उठा. रडेपर्यंत थांबू नका. निघायचं ते ती अजून आनंदात असतानाच, म्हणजे पुढच्या वेळी 'कमाटीबागेत जायचं?' म्हटल्यावर ती स्वतः चपला आणेल.

तर पाहुणे असतानाच्या दिवसांसाठी माझी मांडणी अशी: एक सकाळ कमाटीबाग, सगळे. त्याच दुपारी धाकटी झोपलेली असताना काका-काकू मोठ्या मुलांना सिनेमाला नेतील, तुमचा मुलगा हवं तर त्यांच्याबरोबर. एका संध्याकाळी गच्चीवर भोंडला. एक संध्याकाळ सोसायटीतला गरबा, नऊला घरी. बाकी दिवस घरात पाहुणे आहेत हीच मुलीसाठी केवढी मोठी करमणूक आहे.

आणि सिनेमाची तिकिटं सगळ्यांची आधीच काढून झाली असतील, तर तिचं वाया जाऊ द्या. सव्वादोन वर्षांच्या मुलीला घेऊन जाणं टाळताच येत नसेल तर सकाळचा पहिला खेळ घ्या, तिची झोप आणि खाणं झाल्यावरचा. मागच्या रांगेत, वाटेलगतची खुर्ची, भोंग्यांपासून दूर. कानावरची आवाजरोधक घरी दोन दिवस खेळताना घालून सवय करा. जाहिराती आणि दुसऱ्या सिनेमांच्या झलकी होऊन जाऊ द्या. त्यांचा आवाज आणि दृश्यं तुम्ही निवडलेली नसतात, आणि कधीकधी तीच सगळ्यांत भयानक असतात. खेळ सुरू झाल्यावर आत जा. ती म्हणेल तेव्हा बाहेर या, आणि परत आत जायचं की नाही हे तिला विचारा.